आमच्या अंगणातील कोंबड्यांच्या रंगांचा इतिहास



आपल्या भागाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे उदगीरचा किल्ला आला, १७६० ची लढाई आली, निजामाचे राज्य आणि मुक्तिसंग्राम आला. त्यावर शिकलेल्या भगिनी लिहितीलच. माझी शाळा सातवीला सुटली. मला जो इतिहास रोज दिसतो तो सकाळी डालगे उचलले की दाणे टिपायला बाहेर पडतो. त्याविषयी चार शब्द लिहिते. मंडळातील माळकरी भगिनींनी नाक मुरडू नये; ह्या लेखात रस्सा नाही, फक्त रंग आहेत.

एका कोंबडीखाली अकरा अंडी बसवावीत, एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटावीत, आणि त्यांत दोन पट्टेरी, तीन पिवळी, चार काळी आणि एखादे राखी निघावे, हे आपल्याकडे घरोघरी चालते. शेजारणी जमतात आणि पैजा लागतात. हे पिवळे मोठेपणी पांढरे होईल की तांबूस? हे काळे तसेच राहील की मानेवर सोने चढेल? आमच्या जाऊबाई तर पिल्लू हातात घेऊन, त्याचे पंख उघडून पाहून, मगच बोलतात. त्यांचा अंदाज दहांत आठ वेळा खरा होतो. पण हे इतके रंग एका डालग्यात आले कोठून, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत होता. काही आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकले, काही पशुसंवर्धन खात्याच्या शिबिरात कळले, काही माझ्या मुलीने वाचून दाखविले. त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, पिल्लाच्या अंगावरचा प्रत्येक रंग आपल्या गावात कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी वाटेने आलेला आहे.

सर्वांत जुने पट्टेरी पिल्लू. पाठीवर मधोमध रुंद गडद पट्टा, दोन्ही बाजूंस फिकट रेघा, डोळ्यापासून मागे काजळाची ओढ. हा तांबड्या रानकोंबड्याचा रंग. सगळ्या पाळीव कोंबड्या त्याच्याच वंशातल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे पाळीव कोंबडीची खात्रीची सर्वांत जुनी हाडे थायलंडात मिळाली, आणि ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. माणसाने भात पेरला, दाणे सांडले, रानकोंबडी दाण्यांच्या मागे घरापर्यंत आली, असे ते शास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या खळ्यावर जे रोज दिसते तेच हे! असे पट्टेरी पिल्लू मादी असले तर मातकट तपकिरी तलंग होते, आणि नर असला तर सोनेरी मानेचा, काळ्या छातीचा, काळ्या शेपटीचा कोंबडा. ह्यात पैज लावण्यात अर्थ नाही.

मात्र कोंबडीचे पिवळे पाय तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाहीत. ते राखी रानकोंबड्याचे, जो आपल्या सह्याद्रीत राहतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिली. म्हणजे आज जगात जिथे जिथे पिवळ्या पायांची कोंबडी आहे तिथे तिथे आपल्याकडच्या रानपाखराचे रक्त थोडे तरी गेले आहे. हे ऐकून मला फार बरे वाटले, कारण गावठी पाखराला कोणी काही श्रेय देत नाही.

ह्यानंतर निजामशाहीचा रंग. हैदराबादकडे असील जातीचे झुंजीचे कोंबडे पाळण्याचा मोठा षोक होता आणि त्यांच्या प्रत्येक रंगाला नाव होते. सोनेरी तांबडा तो पीला, काळा-तांबडा तो याकूब, पांढरा नूरी, काळा कागर, तपकिरी टीकर, फिकट तांबडा रेजा. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणे गुन्हा ठरले, पण उंच मानेचा, लांब पायांचा, मोरासारख्या डौलाने चालणारा कोंबडा अजूनही आपल्या वाड्यावस्त्यांत निघतो. ते रक्त असीलचे.

येथे थोडे विषयांतर करते. आपल्या भागातली देवणी गाय प्रसिद्ध आहे. तिच्याही रंगांना नावे आहेत: अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, अंगभर काळे ठिपके असतील तर शेवरा, पांढरीशुभ्र असून पोटाखाली काळे डाग असतील तर बालंक्या. बैल पुरुषांचा, त्याला नाव. झुंजीचा कोंबडा पुरुषांचा, त्यालाही नाव. अंडी घालणारी, पिल्ले वाढविणारी, मुलांच्या वह्यांना आणि घरातल्या तेलमिठाला पैसे देणारी कोंबडी बायकांची; तिला मात्र नुसते "ती काळी" आणि "ती तांबडी"! रंगाची चौकशी व्हायची ती नवसाच्या वेळी. म्हसोबाला अमुक रंगाचा कोंबडा आणि उताऱ्याला काळी कोंबडी पाहिजे म्हणून माणूस दारात येऊन उभा राहायचा आणि काळ्या पिल्लाला चार पैसे जास्त मिळायचे. उलट्या पिसांची निघाली तर विचारूच नका. बायका पिल्लाचा रंग आधीच ओळखावयास शिकल्या त्या बऱ्याच अंशी ह्या बाजारामुळे, असे मला वाटते.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५२ च्या २ ऑक्टोबरला देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कोंबडीपालनाच्या सुधारणेची देशव्यापी योजना आली. त्याच सुमारास, १९५६ साली, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आजेसासूबाई सांगत, की एक दिवस सरकारी माणूस पिंजऱ्यात एक पांढरा कोंबडा घेऊन आला. दुधासारखा पांढरा, मोठ्या तांबड्या तुऱ्याचा. त्याने सांगितले, तुमचे गावठी कोंबडे काढून टाका, हा ठेवा, अंडी दुप्पट होतील. लोकांना आधी वाटले, ह्याला कोड आहे! तो व्हाइट लेगहॉर्न होता. इटलीतल्या बंदरावरून नाव पडलेली ही जात अमेरिकेत सुधारली आणि तेथून जगभर गेली.

त्याची पिल्ले पिवळी. पुढच्या वर्षी गावठी कोंबड्यांखाली पिवळीच पिवळी पिल्ले निघाली. लेगहॉर्नचा पांढरा रंग झाकणासारखा असतो. खाली काळा असो, तांबडा असो, तो वरून झाकतो. कोठे एखादा काळा ठिपका राहतो, तेवढीच खूण. पण ह्या मिश्र कोंबड्याला पुन्हा गावठी तलंगा मिळाल्या की अर्धी पिल्ले पांढरी आणि अर्धी आज्यापणज्याच्या रंगाची निघतात. पिवळ्या पिल्लाचा अंदाज म्हणूनच कठीण. जाऊबाईंची रीत अशी, की पिल्लाच्या लवेकडे पाहू नका; आठदहा दिवसांनी पंखाला पहिली खरी पिसे फुटतात ती पाहा. ती पांढरी तर पाखरू पांढरे, तिच्यावर विटकरी छटा असली तर पुढे बदामी.

आजेसासूबाईंची ह्या पांढऱ्या जातीवर दोन गाऱ्हाणी होती. एक, पांढरे आणि पिवळे पाखरू घारीला लांबून दिसते. "पिवळं पिल्लू घारीचं, पट्ट्याचं आपलं," असे त्या म्हणत. पट्टेरी पिल्लू पाचोळ्यात दबकून बसले की माणसालाही सापडत नाही. दुसरे गाऱ्हाणे अधिक मोठे: लेगहॉर्न कोंबडी खुडूक होत नाही. अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यांवर बसविण्यासाठी गावठी कोंबडी उसनी आणावी लागे. सरकारी कागदात अंडी मोजली जातात. एकवीस दिवस उपाशीतापाशी बसून राहणे कोणी मोजीत नाही.

लेगहॉर्नमागून ऱ्होड आयलंड रेड आला आणि काळा ऑस्ट्रेलॉर्प आला. खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी उबवणी केंद्रांतून पिल्ले वाटली जाऊ लागली. ऱ्होड आयलंडचे पिल्लू विटकरी-तांबूस, मोठेपणी गर्द तांबडे, शेपटी हिरव्या झाकेची काळी. ऑस्ट्रेलॉर्पचे पिल्लू वरून काळे आणि पोटाशी पांढरे. हे पांढरे पोट पाहून पुष्कळजणी फसतात आणि पाखरू कबरे होईल म्हणतात. होत नाही; ते काळेच होते. मिश्र असेल तर तलंग काळी राहते, आणि कोंबड्याच्या मानेवर व खांद्यांवर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तांबडे सोनेरी चढते. राखी पिल्लाची गंमत निराळी. दोन्ही आईबाप राखी असले तरी चारांत दोनच पिल्ले राखी निघतात, एक काळे आणि एक पांढरट ठिपक्यांचे. म्हणून राखी रंगाचा कळप कोणाच्या दारात टिकत नाही.

पुढे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राची वनराज आली. गावठीसारखी रंगीबेरंगी, पण वजनाने मोठी आणि वर्षाला शंभरावर अंडी देणारी. गावठी कोंबडी पन्नाससाठच देते. ह्यांचीच अंडी पुन्हा बसविली तर पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही, हे शिबिरात सांगतात. तरी आपण बसवितोच. अलीकडे झाबुआचा कडकनाथ आला, ज्याच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची गंमत ऐका. कडकनाथ कोंबडा आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांची कोंबडी असली तर लेकी काळ्या कातडीच्या होतात आणि लेक उजळ राहतात, कारण कोंबडीची उजळ करणारी खूण फक्त मुलांकडे जाते. बेटसन आणि पनेट ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी अशाच काळ्या कातडीच्या दुसऱ्या एका जातीवर प्रयोग करून १९११ साली हे मांडले. आडव्या पट्ट्यांच्या कोंबडीचेही तसेच: कोंबडा बिनपट्ट्याचा असेल तर पट्टे फक्त मुलांना, मुली साध्या. पट्ट्याच्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, त्यावरून पहिल्याच दिवशी नर ओळखता येतो. माझ्या सासूबाईंनी पनेटचे नाव ऐकले नव्हते, पण ठिपक्याची पिल्ले त्या बाजाराला आणि बाकीची घराला ठेवीत.

आठवडी बाजारात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले विकायला येतात, त्यांविषयी एक वाक्य लिहिले पाहिजे. मुले रडून रडून घेतात. ती अंड्यांच्या जातीच्या मोठ्या उबवणी कारखान्यांतून टाकून दिलेली नर पिल्ले, रंगात बुडविलेली. जगली तर महिनाभरात रंग उडतो. त्यांचा अंदाज बांधण्याची गरज नाही.

दुकानातला पांढरा ब्रॉयलर परका वाटतो, पण त्याच्यातही आपले रक्त आहे. असील कोंबडे इंग्लंडात कॉर्नवॉलला गेले, त्यांच्या संकरातून कॉर्निश जात झाली, ती अमेरिकेत पांढऱ्या प्लायमाउथ रॉकशी मिसळली, आणि त्या वाटेने ब्रॉयलर परत आला. आपल्या देशात हा धंदा मोठा केला तो बी. व्ही. राव यांनी १९७१ साली काढलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने. तेव्हापासून शहरात कोंबडी पांढरी आणि सहा आठवड्यांची.

आता खरे सांगावयाचे ते. २००६ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आला तो नवापूरला. ते आम्ही वर्तमानपत्रात वाचले. २०२१ च्या जानेवारीत तो परभणीच्या मुरुंब्याला आणि आपल्या शेजारच्या अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीला निघाला. रोग निघालेल्या जागेभोवतीची सगळी पाखरे मारून पुरावी लागतात. ते आवश्यक असते, ह्याविषयी माझा वाद नाही. भरपाईही पाखराच्या वयाप्रमाणे मिळते. पण ज्या घरात लग्नात माहेराहून आणलेल्या तांबड्या तलंगेच्या लेकीच्या लेकी चालत आल्या होत्या, त्या घरातली ती ओळ त्या दिवशी संपली, आणि ती कोणत्याही उबवणी केंद्रात मिळत नाही. नंतर भरून काढावयास जी पिल्ले मिळतात ती संकरित. त्यांत खुडूक बसणारी थोडी. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले आणि तपासणीत तोच रोग निघाला, तेव्हा आम्ही आमची पाखरे महिनाभर डालग्याखाली कोंडून ठेवली. पट्टेरी कोंबड्या निराळ्या डालग्यात आणि निराळ्या ओसरीवर.

तेव्हापासून आम्ही सातआठ जणी एक करतो. ज्या कोंबडीने आपली पिल्ले घारीपासून राखली, तिची अंडी एकमेकींना देतो. पैसे नाहीत, अंड्याला अंडे. म्हणजे एकीच्या दारातली पाखरे गेली तरी ओळ दुसरीच्या दारात राहते. कोंबडाही आम्ही अदलून घेतो, कारण एकाच घरात नात्यातल्या नात्यात वाढली की पिल्ले किडकी निघतात. मानमोडीची लस मात्र प्रत्येकीने द्यावयाची, ही अट आहे. राणीखेतच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग आला की चार दिवसांत अंगण रिकामे करतो, आणि मग रंगाचा प्रश्नच उरत नाही.

सध्या माझ्याकडे चार पट्टेरी वंशाच्या कोंबड्या आहेत. त्यांपैकी एक खुडूक आहे आणि तिच्याखाली तेरा अंडी आहेत: पाच तिची, चार जाऊबाईंच्या काळीची आणि चार गल्लीच्या टोकाच्या काकूंकडची. काकूंच्या कोंबड्याच्या अंगावर आडवे पट्टे आहेत, त्यामुळे त्या चारांतून काय निघेल ह्यावर दोन पैजा लागल्या आहेत. ज्यांना अंडी हवी असतील त्यांनी संक्रांतीच्या आधी सांगावे; थंडीत बसविलेली पिल्ले उन्हाळ्यापूर्वी पिसांनी भरतात.