सोर्बोनमधील चार दिवस : आफ्रिकी ऐक्याची कल्पना आणि १९५६ची लेखक-परिषद

आफ्रिकी लोक आणि जगभर विखुरलेले त्यांचे वंशबांधव यांच्या ऐक्याचा इतिहास सांगताना १९००ची लंडन परिषद, १९१९पासून ड्यू बॉइस यांनी भरविलेल्या परिषदा, १९४५चे मँचेस्टर आणि १९६३ साली अदिस अबाबा येथे स्थापन झालेली आफ्रिकी एकता संघटना असा क्रम लावला जातो. हा क्रम राजकीय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र १९ ते २२ सप्टेंबर १९५६ या काळात पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात भरलेली कृष्णवर्णीय लेखक व कलावंतांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद अधिक बोलकी वाटावी. कारण ऐक्याचे गृहीतक तेथे प्रथमच उघडपणे तपासले गेले.

परिषदेचे सूत्रधार होते सेनेगलचे आल्यून द्योप, 'प्रेझांस आफ्रिकेन' या १९४७ साली सुरू झालेल्या नियतकालिकाचे संस्थापक. आदल्या वर्षीच्या बांडुंग परिषदेचे सांस्कृतिक उत्तररूप म्हणून ते या मेळाव्याकडे पाहत. पहिल्याच दिवशी ड्यू बॉइस यांचा संदेश वाचला गेला. अमेरिकी शासनाने त्यांना पारपत्र नाकारले होते, आणि ज्या अमेरिकी निग्रोंना ते मिळाले त्यांच्या वाणीच्या स्वातंत्र्याविषयी त्या संदेशात उघड शंका होती. समोर बसलेल्या अमेरिकी प्रतिनिधींची अवस्था अवघडल्यासारखी झाली, यात नवल नाही.

खरा पेच एमे सेझेर यांच्या भाषणाने निर्माण झाला. सर्व उपस्थितांना जोडणारा दुवा वसाहतिक परिस्थिती हा आहे, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयही त्याला अपवाद नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकी प्रतिनिधींना ते मान्य होणे कठीण होते. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले होते. माँटगोमेरीचा बस-बहिष्कार त्या वेळी चालूच होता. त्यांचा लढा स्वतःच्या देशाच्या राज्यघटनेच्या आधारे चाललेला होता. त्या देशातून मुक्त होण्याचा नव्हता.

सेंघोर यांनी रिचर्ड राइट यांच्या लेखनात आफ्रिकी वारसा शोधला. वृत्तांत लिहिणाऱ्या जेम्स बाल्डविन यांना ते पटले नाही : राइट यांचे आत्मकथन अमेरिकेच्या दक्षिणेतील जीवनातून घडलेले आहे, त्याला आफ्रिकेची मोहोर लावल्याने काय उलगडते? तौलनिक साहित्याभ्यासाचा हा कळीचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते बाल्डविन यांची बाजू अधिक सबळ ठरते. (हा वृत्तांत ज्या 'एन्काउंटर' मासिकात आला, त्याला अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा मिळत असे, हे १९६७ साली उघड झाले. पण त्यामुळे युक्तिवाद खोटा ठरत नाही.) मराठीत दलित साहित्याची तुलना झाली ती मुख्यतः अमेरिकी कृष्णसाहित्याशी; फ्रेंच भाषेतील हा वाद आपल्याकडे फारसा पोहोचला नाही.

व्यासपीठावरचा सारा व्यवहार फ्रेंच आणि इंग्रजी या राज्यकर्त्यांच्या भाषांतून चालला. स्त्रिया तेथे जवळजवळ नव्हत्याच. त्याबद्दलची खंत स्वतः राइट यांनी बोलून दाखविली.

याच परिषदेत वंशवाद आणि संस्कृती या विषयावर बोललेले फ्रांझ फॅनन पुढे १९५९च्या रोम येथील दुसऱ्या परिषदेतही बोलले. १९६१च्या आपल्या ग्रंथात पॅरिसकडे मागे वळून पाहताना त्यांनी नोंदविले की, गोऱ्यांच्या संदर्भात स्वतःची व्याख्या करावी लागणे एवढेच या सर्वांत समान होते. अमेरिकी आणि आफ्रिकी लेखकांचे प्रत्यक्ष प्रश्न वेगळे होते, आणि संस्कृती ही सर्वप्रथम राष्ट्रीयच असते.