हळिवाचे गवत, एरंडेलाचे डाग आणि 1911 चे विमान

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांत भातकापणीच्या सुमारास अंगणात मातीचे ढीग दिसू लागले की दिवाळी जवळ आली असे समजावे. दगडविटांचा डोलारा, त्यावर ओले पोते, पोत्यावर चिखलाचा लेप, तटबंदीला गेरू आणि उतारावर पेरलेले हळीव. चारपाच दिवसांत कोंब फुटतात आणि किल्ला हिरवा होतो. जगभरचे मॉडेलकार ज्याला ‘डायोरामा’ म्हणतात, म्हणजे एखादा प्रसंग भूप्रदेशासह छोट्या आकारात उभा करणे, तो हाच प्रकार. आपण त्याला नुसते ‘किल्ला’ म्हणतो, इतकेच.

या दोहोंत एक मोठा फरक मात्र आहे. अंगणातल्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज नगारखान्याहून उंच असतात, मावळा बुरुजाएवढा असतो आणि पायथ्याची गाय तोफेपेक्षा मोठी असते. याला अज्ञान म्हणण्याचे कारण नाही. तेथे आकार मापाने ठरत नाही, मानाने ठरतो. प्रमाणबद्ध डायोरामात ही सवलत नाही. 1/72 हे प्रमाण एकदा स्वीकारले की सहा फुटी सेनापती अडीच सेंटिमीटरचा होतो, आणि सहा फुटी पाणक्याही अडीच सेंटिमीटरचाच होतो.

खालापूर तालुक्यातील उंबरखिंड याच मापात उभारायची झाली तर काय दिसेल? फेब्रुवारी 1661 मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेली कारतलबखानाची फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरत असताना या खिंडीत सापडली. दोन्ही अंगांना झाडी होती, वाट अरुंद होती आणि वरच्या उतारांवर मराठे दबा धरून होते. खानाला अखेर सामान टाकून वाट मागावी लागली. त्याच्याजवळ माणसे कमी नव्हती. ‘डोंगराच्या पलीकडे काय आहे’ हे पाहणारा डोळा त्याच्याजवळ नव्हता. डायोरामा पाहणारा वरून वाकून पाहतो, त्यामुळे खानाला जे दिसले नाही ते त्याला एका क्षणात दिसते.

सैन्यांना विमान हवेसे वाटले ते प्रथम याच कारणासाठी. बॉम्ब नंतर आले. इटलीच्या जुलिओ गावोत्ती याने लिबियात विमानातून पहिले बॉम्ब टाकले ते 1 नोव्हेंबर 1911 रोजी. त्यापूर्वी विमान म्हणजे उडती टेहळणी. आणि या टेहळणीच्या जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फेब्रुवारी 1911 मधील अलाहाबाद–नैनी हवाई टपाल सर्वांना माहीत आहे. त्याच्या काही आठवडे आधी, जानेवारी 1911 मध्ये, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, ब्रिटिश भारतीय घोडदळाचा युद्धसराव चालू होता. त्यात ‘ब्रिस्टल बॉक्सकाइट’ हे विमान उतरवण्यात आले. चालक होता फ्रेंच वैमानिक आंरी ज्युलेरो आणि निरीक्षक म्हणून बसला होता कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या मैदानावर असा पहिला प्रयोग सप्टेंबर 1910 मध्ये झाला होता. दख्खनचा प्रयोग त्यानंतर अवघ्या चार महिन्यांचा.

दिवाळीच्या किल्ल्यावर वाढलेल्या हातांनी पुढचा डायोरामा कशाचा करावा, याचे उत्तर म्हणून हा प्रसंग उत्तम आहे. तो करताना प्रत्येक पायरीवर इतिहासाचा एक निर्णय घ्यावा लागतो.

पहिला निर्णय, विमान हवेत की जमिनीवर? हवेतले मोहक वाटते, पण माप आडवे येते. विमान 300 मीटर उंचीवर दाखवायचे तर 1/72 मध्ये ते चार मीटरांहून वर टांगावे लागेल, म्हणजे कौलारू घराच्या आढ्याच्या आसपास. चाळीस सेंटिमीटर लांब आणि तीस रुंद फळी घेतली तर तिच्यावर प्रत्यक्षातील सुमारे 29 मीटर बाय 22 मीटर एवढीच जमीन मावते. एवढ्या जागेत उड्डाण नव्हे, उड्डाणापूर्वीची तयारीच मावते. तेव्हा विमान जमिनीवर.

बॉक्सकाइट नावाप्रमाणेच पेटीसारखा पतंग होता. एकावर एक दोन पंख, पुढे दांड्यांच्या टोकाला उंची साधणारे पट्ट, मागे उघड्या दांड्यांवर शेपूट, आणि मध्ये ना कक्ष ना काच. वैमानिक खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर उघड्यावर बसे आणि निरीक्षक त्याच्या पाठीमागे. मूळ नमुन्याचा पंखविस्तार साडेचौतीस फूट, म्हणजे 1/72 मध्ये साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास. लष्करी नमुन्यात वरचा पंख बराच लांब केलेला असे. कोणता नमुना करायचा हे आरंभीच ठरवावे, मागाहून पंखाला जोड देणे म्हणजे सगळ्या ताणतारा पुन्हा ओढणे.

या तारांनीच नवशिक्याचा धीर सुटतो. तीन मिलिमीटर जाडीची तार 1/72 मध्ये 0.04 मिलिमीटरची होते. माणसाचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड असतो. म्हणून अनुभवी मॉडेलकार प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढतात आणि तिचा तंतू वापरतात.

बॉक्सकाइटमधील सर्वांत बोलका भाग आहे एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेल्या झडपा. आजच्या विमानात एका बाजूची वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूची खाली येते. बॉक्सकाइट फ्रेंच फार्मन विमानाच्या धर्तीवर बनलेले होते आणि त्याच्या झडपा फक्त खाली ओढता येत. वेगात असताना वाऱ्याचा दाब त्यांना आडवे ठेवी. विमान थांबले की चारही झडपा पावसात भिजलेल्या झापासारख्या लोंबत. जमिनीवर उभ्या विमानाच्या झडपा सरळ चिकटवल्या की इतिहास जाणणाऱ्याच्या नजरेत चूक लगेच भरते.

इंजिन होते 50 अश्वशक्तीचे ‘नोम’. त्यात पंखा तर फिरेच, पण सातही सिलिंडरांसह सबंध इंजिनच गरगर फिरे. वंगण म्हणून वापरत एरंडेल! हे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असल्याने उडालेले तेल त्याच्या तोंडावर न येता शेपटीकडे जाई. तेव्हा पिवळट तपकिरी डाग शेपटीच्या दांड्यांवर आणि कापडावर द्यावेत, पुढच्या पट्टांवर नकोत. कापडाचा रंग न धुतलेल्या सुती मांजरपाटासारखा. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवताना सावध राहावे, कारण त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट उतरत असे. संदर्भासाठी बहुतेक जण ज्या बॉक्सकाइटची रंगीत छायाचित्रे वापरतात, ती 1960 च्या दशकात एका विनोदी चित्रपटासाठी बनवलेल्या प्रतिकृतींची असतात. त्यांतील एक ब्रिस्टलच्या संग्रहालयात टांगलेली आहे, एक अजून उडते. त्या सुंदर आहेत, पण 1911 च्या नाहीत.

आता जमीन. कर्जतच्या अंगणातली माती चाळून पसरली तर प्रसंग कोकणात जाईल. मराठवाड्याची काळी माती हवी, तीही जानेवारीतली, कोरडी पडू लागलेली. दिवाळीचे लाडके हळीव इथे पूर्णपणे बाद. त्याऐवजी बारीक कातरलेला काथ्या, पिवळसर गवतासाठी. एका कडेला रब्बीच्या ज्वारीची ओळ चालेल.

शेवटी माणसे, आणि खरा प्रश्न इथेच आहे. ज्युलेरो आणि ब्रँकर यांची नावे नोंदली गेली. ब्रँकर तर पुढे ब्रिटनच्या नागरी विमानवाहतुकीचा संचालक झाला आणि ऑक्टोबर 1930 मध्ये कराचीकडे निघालेल्या ‘आर 101’ या हवाई जहाजाच्या अपघातात मरण पावला. परंतु घोडदळाची छावणी दोन साहेबांवर चालत नसे. दर काही घोड्यांमागे मोतद्दार असे, गवत कापणारे असत, पखाल वाहणारे भिस्ती असत. एवढे मोठे विमान जहाजातून आणि रेल्वेने यायचे म्हणजे सुटे होऊनच येणार, त्याच्या पेट्या कोणाच्या तरी खांद्यांवरून उतरल्या असणार. बाजारातील पुतळ्यांच्या संचांत वैमानिक आणि अधिकारी सहज मिळतात, मोतद्दार मिळत नाही. त्याला हातानेच घडवावे लागते. शेजारच्या पेणमध्ये शाडूच्या गणेशमूर्ती घडतात, पण अडीच सेंटिमीटरच्या पुतळ्याचा हात शाडूत टिकत नाही, मोडतो. त्यासाठी नळाची गळती थांबवायला वापरतात ती एम-सील बरी. आत तांब्याच्या तारेचा सांगाडा, वरून पुट्टी, ती ओली असतानाच सुईने धोतराच्या चुण्या.

ब्रँकर विमानाजवळ, ज्युलेरो इंजिनापाशी. मोतद्दार फळीच्या पुढच्या कोपऱ्यात, पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ, विमानाकडे पाठ करून उभा. त्याच्या हातात दोन घोड्यांचे लगाम आहेत आणि इंजिन आता सुरू होणार आहे.