कोणाकडचे तुम्ही?

हिरा भागोळीच्या कमानीखाली जरा थांबा. डभोईच्या कोटाला चार वेशी, त्यांतली पूर्वेची ही सगळ्यांत देखणी. हिराधर नावाच्या कारागिरानं ती घडवली आणि राजानं त्याला भिंतीतच चिणून मारलं, असं गावात सांगतात. सांगणाऱ्याला खोलात विचारू नका, दंतकथेला पुरावा मागितला की ती रुसते.

आज 1 एप्रिल 1731. तुम्ही कारकून आहात. कमरेला कलमदान, खांद्यावर पडशी, आणि घाटावरून गुजरातेत उतरल्यापासून अंगावर चढलेली धूळ. पलीकडे भिलापूरच्या बाजूला आभाळ मातकट झालंय. तोफांचा आवाज तुम्ही अगोदर ढगांचा समजता. वेशीवरचा शिपाई भाला आडवा धरून विचारतो, "कोणाकडचे तुम्ही?"

उत्तर जपून द्या. डभोई पिलाजी गायकवाडांच्या हाती आहे आणि पिलाजी आज सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांच्या बाजूनं मैदानात उतरलेत. समोर बाजीराव पेशवे. भांडण गुजरातच्या चौथाईचं. "पेशव्यांकडचा" म्हणालात तर इथंच आडवे व्हाल. "सेनापतींचा" म्हणालात तर आत जाल, पण रात्रीपर्यंत ते उत्तर टिकेल याची हमी नाही. मग तुम्ही हुशारी करता आणि म्हणता, "मी साताऱ्याचा, शाहू महाराजांचा." शिपाई हसतो. तिकडे जे एकमेकांना कापताहेत, ते सगळेच शाहू महाराजांचे.

संध्याकाळपर्यंत त्रिंबकराव गोळी लागून पडतात. सकाळी ज्यांनी त्यांचं नाव सांगितलं, ते आता दुसरं नाव शोधू लागतात. साताऱ्याहून तडजोड येते: दाभाड्यांच्या लहानग्या यशवंतरावाला सेनापतिपद, कारभार पिलाजींकडे. तलावाकाठी बैल पाजणाऱ्या कुणब्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारतच नाही. वसुलीला जो येईल त्याचा तो, हे त्याच्यासाठी परस्पर ठरलेलं असतं.

आता 49 वर्षं ओलांडा. जानेवारी 1780. पेशव्यांची शिबंदी किल्ला सोडून गेली आहे आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल गॉडर्डची फौज आत आली आहे. जवळच्याच कुंढेला गावी फत्तेसिंगराव गायकवाड आणि कंपनी यांच्यात तह होतो. गुजरातेतून पेशव्यांना वगळायचं आणि मुलूख आपसांत वाटून घ्यायचा, असा त्याचा गाभा. तारीख 26 जानेवारी. या तारखेशी याच मातीला पुढे पुन्हा काम पडणार आहे, पण तुम्हाला ते कुठून ठाऊक असणार! तुम्ही कचेरीत बसून मोडीत जमाखर्च लिहिताय आणि तुमच्या दृष्टीनं झालेला बदल एवढाच, की वरच्या ओळीत सरकारचं नाव वेगळं घालायचं.

गावावर जेम्स फोर्ब्स नावाचा कलेक्टर बसतो. हौशी माणूस, चित्रं काढतो, टिपणं ठेवतो. तीन वर्षांनी त्यालाही उठावं लागतं, कारण तिकडे दूर ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं तह झालाय आणि त्यात डभोई मराठ्यांना परत द्यायची ठरली आहे. सालबाईला डभोईचं कोणीही नव्हतं. शेताबरोबर बांधावरची झाडंही विकली जातात, तशी माणसं मुलखाबरोबर गेली. जाताना फोर्ब्स इथल्या कोरीव दगडांचे काही तुकडे मागून नेतो. पुढे विलायतेत आपल्या बागेत त्यांच्यासाठी देऊळवजा मांडव उभारतो. गावकऱ्यांना आपल्या जाण्याचं फार दुःख झालं, असंही तो नंतर लिहितो. प्रत्येक कलेक्टरला असं वाटतं.

पुढचं शतक भरभर जाऊ द्या. 1862 साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोईहून मियागामपर्यंत छोट्या रुळांची रेल्वे धावते, आणि तिला ओढतात बैल. 1906 पासून सयाजीराव महाराज सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करतात. पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड. शेजारच्या इंग्रजी मुलखातले लोक हेव्यानं बघतात. पण समजा, या काळात तुम्हाला परदेशी जायचंय. तेव्हा कळतं की इंग्रजांच्या लेखी तुम्ही त्यांचे प्रजाजन नाही, फक्त त्यांच्या संरक्षणाखालची व्यक्ती आहात. कारण तुम्ही गायकवाडांचे, आणि गायकवाड इंग्रजांच्या छत्राखालचे. महाराज कितीही मोठे असोत (आणि हे होतेच), शाळा ही त्यांनी दिलेली होती. दिलेल्या गोष्टीवर फिर्याद चालत नाही.

1949. आता तुम्ही बाई आहात. दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याहून या घरात आलात. 1 मेला बडोदे संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालंय. कचेरीतून घरी येणारी मंडळी पगाराचं आणि नोकरीचं काय होणार, याच चिंतेत आहेत. दुपारी ओसरीवर मतदारयादीचा कारकून येतो. मांडीवर वही, कानाला पेन्सिल.

"तमारुं नाम?"

आतून सासूबाई तुमच्या नवऱ्याचं नाव सांगतात. कारकून लिहितो आणि त्यापुढे 'ची पत्नी' असं जोडू लागतो. मग थांबतो. त्याला वरून हुकूम आहे, बाईचं स्वतःचं नाव हवं. तुम्ही घुटमळता, कारण तुमच्याकडे दोन नावं आहेत. एक माहेरचं, आणि दुसरं लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. पहिल्या नावानं आता कोणी हाक मारत नाही. दुसरं उच्चारायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही. ते इतरांनी हाक मारायचं नाव. सासूबाई दारातून बघताहेत. तुम्ही तांदळातलं नाव सांगता. कारकून ते लिहितो, वय विचारतो, 21 पूर्ण आहे याची खात्री करतो आणि पुढच्या घरी जातो. चहासुद्धा घेत नाही.

देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं त्या पहिल्या यादीतून वगळावी लागली, कारण त्या अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगत राहिल्या. यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या.

मग येतो 26 जानेवारी 1950. राज्यघटनेचं पाचवं कलम हाती घ्या. भारतात तुमचं कायम वास्तव्य आहे ना? मग तुमचा जन्म इथला, किंवा आईबापांपैकी एकाचा इथला, किंवा गेली पाच वर्षं तुम्ही इथं राहताय, यांतलं एक पुरे. दरबारी मराठी, शेतकरी पटेल, गल्लीतला बोहरा व्यापारी, सगळ्यांना एकच कलम. हिरा भागोळीवर दोनशे वर्षं विचारलेला प्रश्न त्यात नाही. कोणाकडचे, याऐवजी कुठले, एवढंच विचारलंय. 1952 साली तुम्ही मतदानाला जाता तेव्हा बोटाला शाई लागते, आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. कोणत्या पेटीत कागद टाकला ते तुम्ही घरी सांगत नाही. नवरा दोनदा विचारतो.

1 मे 1960 ला गुजरात आणि महाराष्ट्र ही राज्यं वेगळी होतात. पुण्याचे नातलग लिहितात, आता तुम्ही परक्या राज्यात. तुम्ही जागच्या हललेल्या नसता आणि नागरिकत्वही हललेलं नसतं. तुमची मुलं शाळेत गुजराती शिकतात, घरात मराठीत भांडतात.

इथं हा प्रवास संपवायला मला आवडलं असतं. पण कायदा पुढे चालत राहिला. 1 जुलै 1987 पासून नुसतं भारतात जन्मणं पुरेना. आईबापांपैकी एक नागरिक हवा. 3 डिसेंबर 2004 पासून तर दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरं बेकायदा आलेलं नसावं. घुसखोरीची चिंता हे त्यामागचं कारण, आणि ती निव्वळ कल्पनेतली नव्हती. पण वेशीवरचा शिपाई त्या कारणामागून परत आला. फक्त धन्याच्या नावाऐवजी आता तो आईबापांची नावं विचारतो.

म्हणून शेवटचा थांबा आजचा. तुम्ही त्या बाईचे नातू आहात. वारसाच्या कागदांसाठी रांगेत उभे राहून खिडकीशी पोचलात. शाळेच्या जुन्या दाखल्यावर आजीचं माहेरचं नाव, मतदारयादीत तांदळातलं. ही एकच बाई, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागेल, असं खिडकीतून सांगतात. बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस छापील नमुना पुढे सरकवतो. पहिल्या ओळीत तुमचं नाव, आणि लगेच पुढे: यांचा मुलगा, यांची मुलगी, यांची पत्नी, लागू नसेल ते खोडा.