स्वतःच्या मुळांवर

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावे लागत नाही, की त्याच्या थॉमसनची मुळे थॉमसनची नसतात. खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसनचे कलम. डॉगरिज मूळचा अमेरिकी. पाण्याचा ताण आणि क्षारपड जमीन सोसतो म्हणून आपण तो घेतला. युरोपने मात्र अमेरिकी खुंट घेतला तो द्राक्षशेती वाचवण्यासाठी. त्या इतिहासाला अपवाद ठरलेल्या मोजक्या जागांपैकी एक म्हणजे ग्रीसमधले सँटोरिनी बेट. तिथल्या जुन्या वेलींच्या सेंद्रिय पांढऱ्या वाइनविषयी लिहिताना मला सुरुवात मुळांपासूनच करावी लागते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून तीन संकटे युरोपच्या बागांत उतरली. 1845 च्या सुमारास भुरी, 1860 च्या दशकात मुळांतला रस शोषणारी फायलोक्सेरा ही कीड आणि 1878 मध्ये केवडा. भुरीवर गंधक चालले. केवड्यावर मिलार्दे यांनी 1885 मध्ये मोरचूद-चुन्याचे मिश्रण पुढे आणले. तेच आपले बोर्डो मिश्रण. फायलोक्सेरा 1868 मध्ये फ्रान्समध्ये प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखली, पण तिच्यावर खात्रीचे औषध सापडले नाही. अमेरिकी वेलींची मुळे तिला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्यावर युरोपीय जातींची कलमे बांधली गेली. जुन्या बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या.

सँटोरिनीची जमीन ज्वालामुखीच्या राखेची आणि सच्छिद्र दगडाची आहे. तिच्यात चिकणमाती जवळपास नाही आणि अशा मातीत ही कीड तगत नाही. त्यामुळे असिर्टिको ही तिथली पांढरी द्राक्षजात आजही स्वतःच्या मुळांवर आहे. मांडव नाही, तारा नाहीत. वाऱ्यापासून आणि उन्हापासून घड वाचावेत म्हणून वेल जमिनीलगत गोल वळवून टोपलीसारखी विणतात. द्राक्षे त्या टोपलीच्या आत पिकतात. पाऊस थोडा आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळ्यात समुद्रावरचे धुके आणि दव यांचाच आधार.

अनेक दशकांनी उत्पादन घटले की जुना बुंधा कापतात आणि त्याच मुळातून नवा फुटवा धरतात. मग वेलीचे वय कसे मोजायचे? आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने 2024 मध्ये किमान 35 वर्षांची वेल ‘जुनी’ ठरवली. कलमी वेलीत जोडही तितकी वर्षे अबाधित हवी. सँटोरिनीत मूळ पणजोबाच्या काळचे आणि बुंधा नातवाच्या हातचा, असे होऊ शकते. माझ्या मते इथे वय वेलीपेक्षा कुटुंबाच्या सलग मेहनतीचे मोजायला हवे.

‘सेंद्रिय’ या शब्दाचेही तसेच. युरोपीय संघात 2012 च्या हंगामापर्यंत बाटलीवर फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून’ एवढेच लिहिता येई. वाइन बनवण्याचे सेंद्रिय नियम त्या वर्षी आले. त्यांनुसार गोड नसलेल्या पांढऱ्या वाइनमध्ये लिटरमागे 200 ऐवजी 150 मिलिग्रॅमपर्यंतच सल्फाइट चालते. बागेत तांबे वापरता येते, पण हेक्टरी सात वर्षांत 28 किलोपर्यंत. म्हणजे सेंद्रिय बागेतही मिलार्दे यांचे औषध आहे, मोजून मापून. सँटोरिनीच्या कोरड्या हवेत केवड्याचा त्रास कमी, म्हणून ते मापही सहज पाळता येते.

कीड बेटाला हरवू शकली नाही, पण माणसांचे निघून जाणे टाळता आले नाही. 9 जुलै 1956 च्या भूकंपानंतर अनेक कुटुंबांनी बेट सोडले. पुढे पर्यटन आले आणि वेलींची जमीन हॉटेले-बंगल्यांसाठी मोलाची झाली. टोपलीतले घड यंत्राने काढता येत नाहीत. वाकून हातानेच तोडावे लागतात. म्हणून या वाइनच्या किमतीत मला चवीआधी मजुरी दिसते. ती मजुरी जमिनीच्या भावापुढे टिकली नाही, तर फायलोक्सेराला जे जमले नाही ते एका खरेदीखताने होईल.