शहामुनींचा ‘सिद्धान्तबोध’ आणि आम्ही

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठी शहागड वसले आहे. धुळे-सोलापूर महामार्ग इथे नदी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. एस.टी.तून जाणाऱ्याला हे गाव पुलापुरतेच दिसते. याच गावात शहामुनींची समाधी आहे. शहामुनी जन्माने मुसलमान, लिहिण्याच्या भाषेने मराठी आणि ‘सिद्धान्तबोध’ या ५० अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथाचे कर्ते. मराठी मुसलमानांनी लिहिलेल्या पुस्तकांपैकी लोकांच्या कानामनात दीर्घकाळ राहिलेली पुस्तके मोजायला बसलो, तर शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’शेजारी आम्ही ‘सिद्धान्तबोधा’लाच बसवू.

शहामुनी पेडगावचे. हे गाव भीमेच्या काठी, श्रीगोंदे तालुक्यात. म्हणजे शेख महंमदांचे श्रीगोंदे आणि शहामुनींचे पेडगाव एकाच मुलखातले. शेख महंमदांनी १६४५ साली ‘योगसंग्राम’ पूर्ण केला; त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, शहामुनींचा ग्रंथ झाला. ग्रंथात त्यांनी आपल्या कुळाची हकिगत स्वतःच दिली आहे. घर मुसलमानाचे, पण घराण्यात हिंदू देवतांची भक्ती आधीपासून चालत आलेली. गुरूंचे नाव मुनींद्रस्वामी असे सांगतात. ‘शहा’ आणि ‘मुनी’ हे दोन शब्द एका नावात नांदले, ते असे.

आता या ग्रंथाचा ठसा उमटला कसा? त्यासाठी पोथी वाचण्याची जुनी रीत ध्यानात घ्यावी लागेल. सुटी, लांबट पाने, वर-खाली फळ्या, भोवती रुमाल. गावात अक्षर ओळखणारी माणसे मोजकी. त्यातला एक वाचणार आणि बाकीचे ओसरीवर बसून ऐकणार. चातुर्मासात शेतीच्या कामातून सवड काढून रात्री एक अध्याय. ५० अध्याय म्हणजे जवळजवळ दोन महिने झाले. ओवीची घडणही ऐकणाऱ्याच्या सोयीची: पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तिथे वाचणारा थांबतो, साध्या बोलीत अर्थ सांगतो आणि पुढे जातो. म्हणून अशा ग्रंथाचे खरे वाचक बहुतेक निरक्षर होते, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल, पण खोटे ठरणार नाही. आणखी एक गोष्ट. जुन्या ओवीग्रंथांच्या रीतीप्रमाणे अध्यायाच्या अखेरीस कर्त्याची नाममुद्रा येते. पोथी पुरी होईपर्यंत त्या ओसरीवर एका मुसलमानाचे नाव पुन्हापुन्हा, आदराने उच्चारले जाणार! श्रीधरांचा ‘हरिविजय’, महिपतींचा ‘भक्तिविजय’ अशा पोथ्यांच्या ओळीत ‘सिद्धान्तबोध’ जाऊन बसला आणि पुढे छापखाने आल्यावर छापूनही निघाला.

हे सगळे ऐकून आपल्याला बरे वाटते. पण इथेच थांबावे असे आम्हाला वाटत नाही.

शहामुनींना आपल्या जन्माचा खुलासा ग्रंथात का करावा लागला? शेख महंमदांनीही स्वतःला ‘अविंध’ म्हणवून घेतले आहे. अविंध म्हणजे कान न टोचलेला. मुसलमानासाठी मराठीत रूढ झालेला हा जुना शब्द. ब्राह्मण ग्रंथकारही नम्रतेने स्वतःला मूढ, मतिमंद म्हणवून घेतो. तो संकेतच होता. परंतु त्याची नम्रता बुद्धीपुरती असते, जन्मापर्यंत जात नाही. चोखोबांना जन्माविषयी बोलावे लागले आणि आमच्या या दोघांनाही. ओसरीवर जागा मिळाली हे खरे. तिथे शिरताना उंबऱ्यावर काहीतरी ठेवावे लागले, हेही खरे. मराठी संतपरंपरेचा गौरव करणारे पहिले सांगतात आणि दुसऱ्यावरून पुढे सरकतात. आम्हाला दोन्ही हवे आहे.

अडचण आपल्या बाजूलाही आहेच. ‘सिद्धान्तबोधा’त कृष्णभक्ती आहे, वेदान्त आहे आणि महानुभाव विचाराची छाया तर गडद आहे. अभ्यासक शहामुनींना महानुभाव पंथाकडे झुकलेला कवी मानतात. आपल्यातला एखादा धर्मनिष्ठ वाचक विचारील, की यात आमचे काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. शहामुनींना ओढूनताणून सूफी ठरवण्याची खटपट काही जण करतात. ती आम्हाला पटत नाही. त्यांच्या श्रद्धेचा निर्णय त्यांनी केला, त्यावर दोनशे वर्षांनी आपण शिक्का मारण्याचे कारण नाही. आमचा दावा फक्त भाषेवर आहे. एका मुसलमान घरातल्या माणसाला आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला त्याच्याजवळ मराठी होती. ती त्याने मागून आणलेली नव्हती. पेडगावात जशी पाण्यासाठी भीमा होती, तशी बोलण्यासाठी ती होती.

मग हा ग्रंथ आमच्या घरांत का पोहोचला नाही? शहागड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात दरबार आणि कचेरी उर्दूची. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. उर्दूने आपल्याला पुष्कळ दिले, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मराठवाड्यातला शिकलेला मुसलमान उर्दूच्या दाराने शाळेत गेला आणि मराठी पोथी त्याच्या शेजाऱ्याच्या फडताळात राहिली. घरात दखनी, बाजारात मराठी, मदरशात अरबी, कचेरीत उर्दू. एवढ्या भाषा येणाऱ्या माणसाला आपल्याच माणसाचे मराठी पुस्तक ठाऊक नसावे, ही गंमत नव्हे. समाधी उरली, ग्रंथ हातून सुटला.

तो पुन्हा आपल्यापर्यंत आला, तो संशोधकांमुळे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेले डॉ. यू. म. पठाण यांनी या परंपरेचा आयुष्यभर मागोवा घेतला. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष होते फ. म. शहाजिंदे. तेव्हापासून आपल्या व्यासपीठांवर शेख महंमद, शहा मुंतोजी, शहामुनी ही नावे एका दमात घेतली जातात.

ही नावे आपण बहुधा पुरावा म्हणून घेतो. कोणी आपल्या मराठीपणावर शंका घेतली, की खिशातून दाखला काढावा तशी यादी बाहेर येते. ज्याला दाखला मागायचा आहे त्याला तीनशे वर्षांची यादीही पुरत नाही, हा अनुभव आता सर्वांच्या गाठीशी आहे. आणि यादी वाचणाऱ्यांपैकी ‘सिद्धान्तबोधा’ची पाने उलटलेले किती असतील? ओसरीवर बसून ज्यांनी तो ऐकला, त्यांना शहामुनी कोणाचा पुरावा म्हणून नको होते. त्यांना पुढच्या अध्यायात काय आहे याची उत्सुकता होती. आपल्याला ही उत्सुकता कधी लाभलीच नाही.

निदान एवढे करता येईल. ज्या भागात शहामुनी आपल्या कुळाची हकिगत सांगतात, तो मूळ ओव्या आणि सोपा अर्थ यांसह वेगळा छापावा. पोथीची भाषा पहिल्या पाच-दहा ओव्यांपर्यंत अडवते, मग वाट देते. आपली मुले मराठी शाळांत ज्ञानेश्वर, तुकाराम वाचतातच. त्यांना हे जड जाणार नाही. शहागडच्या पुलावरून जाताना, खाली ज्याची समाधी आहे त्या माणसाने स्वतःविषयी काय सांगितले, ते त्याच्याच शब्दांत त्यांना वाचायला मिळेल.