सातपूरचे कारखाने आणि कामगारांची दृष्टी

त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील सातपूर या खेड्याच्या शिवारात, 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली आणि नाशिक-खानदेशच्या गावांतील शेतकऱ्यांची मुले लेथ व ग्राइंडरवर रुजू झाली, तेव्हा नेत्रांवरील संकटाचेही स्वरूप पालटले. शेतात डोळ्यांत जाई ते कुसळ. येथे तप्त लोहकण बुबुळात रुततो, आणि वेल्डिंगच्या अतिनील किरणांची वेदना तर काही तासांनी, बहुधा घरी निजल्यावर, कामगाराला जागे करते.

या दोन्ही आपत्तींची दखल 1948 च्या कारखाने अधिनियमाने आधीच घेतली होती. उडणारे कण व प्रखर प्रकाश यांपासून रक्षणार्थ पडदे अथवा योग्य चष्मे पुरविण्याची सक्ती मालकांवर करण्याचा अखत्यार त्याच्या कलम 35 ने राज्य सरकारास दिला. परंतु चष्मा घामाने धूसर होतो, कानांमागे रुततो, आणि नगांच्या हिशेबाची घाई असली की कपाळावर चढतो. याचा सारा दोष कामगाराच्या माथी मारण्याचा शिरस्ता मला अन्यायाचा वाटतो. दिवसभर डोळ्यांवर टिकेल असा चष्मा देणे ही मालकाचीच जबाबदारी होय.