लेनिनाकानच्या नऊमजली इमारती

'प्रीकास्ट म्हणजे भूकंपात धोकादायक' असं प्रपोजलमध्ये लिहिण्याआधी आर्मेनियाचा ७ डिसेंबर १९८८ चा स्पिटाक भूकंप वाचा. मॅग्निट्यूड ६.८, बळी सुमारे २५ हजार. लेनिनाकान म्हणजे आजच्या ग्युम्री शहरात प्रीकास्ट खांब-तुळयांचा सांगाडा असलेल्या नऊमजली इमारतींपैकी निम्म्याहून जास्त कोसळल्या. त्याच शहरातल्या मोठ्या काँक्रीट पॅनेलच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. दोन्ही सोव्हिएत, दोन्ही प्रीकास्ट! पॅनेलच्या इमारतीत भिंतीच भार घेतात, आणि त्या भरपूर असतात. सांगाड्यात सगळी भिस्त मोजक्या सांध्यांवर, आणि तिथलं वेल्डिंग अनेक ठिकाणी कच्चं होतं. म्हणून जुनी इमारत तपासताना आधी रचना विचारा, वय नंतर. मग सांध्यातलं पोलाद किती गंजलंय ते बघा (बाहेरून दिसत नाही, हीच खरी डोकेदुखी). आणि पॅनेलची इमारत असेल तर कुणी दारासाठी भिंत कापली आहे का, तेही.